पडद्यापुढे जोडलेले हात

रामनवमीला नागपुरात पोद्दारेश्वर राम मंदिरातून शोभायात्रा निघते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं दाटून उभी असतात. चित्ररथ एकामागून एक पुढे सरकतात आणि त्यांतल्या एखाद्यावर राम, लक्ष्मण, सीता होऊन बसलेली मुलं दिसतात. चेहऱ्याला रंग, डोक्यावर चमचमता मुकुट, हातात धनुष्य. हा राम उद्या दप्तर घेऊन शाळेत जाणार आहे, हे बघणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तरी रथ समोर आला की हात जोडले जातात. आजी कडेवरच्या नातवालाही हात जोडायला लावते.

हा नमस्कार नेमका कोणाला पोचतो? त्या मुलाला, त्याच्या मुकुटाला, की त्या दोघांपलीकडच्या कोणाला? प्रश्न जुना आहे. मूर्तीपुढे, दशावतारातल्या सोंगापुढे, कीर्तनकारापुढेही तो उभा राहतोच. पण शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसानं हा प्रश्न पार अवघड करून ठेवला. त्यानं लोकांपुढे जो राम आणला त्याला माती, दगड, धातू, हाडामांसाचं शरीर यांपैकी काहीच नव्हतं. पांढऱ्या कापडावर हलणारा तो नुसता उजेड होता. लोकांनी त्यालाही नमस्कार केला.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. ज्योतिर्लिंगाचं गाव, घरात पूजाअर्चा, वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. म्हणजे देव हा त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग होता. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण, छपाई यांचं शिक्षण घेतलं. काही काळ त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, मग लोणावळ्यात छपाईचा व्यवसाय थाटला. तिथे राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचं काम त्यांच्या हातून झालं. ही बाब त्यांच्या चरित्रात सहसा एका ओळीत उरकली जाते, पण या लेखाच्या प्रश्नासाठी ती फार मोलाची आहे. रविवर्म्याच्या छापील चित्रांनी लक्ष्मी-सरस्वतीला देवळातून काढून चाळीतल्या भिंतीवर आणलं. ज्याच्या घरी धातूची मूर्ती घ्यायची ऐपत नव्हती त्यानं काही आण्यांचा कागद चौकटीत बसवला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि उदबत्ती लावली. यंत्रातून हजारांनी निघालेल्या कागदावर देव येऊन बसतो, हे फाळक्यांनी सिनेमा बघण्याच्या आधीच शाईनं माखलेल्या हातांनी अनुभवलं होतं.

नंतर १९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या एका तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. त्यांनीच पुढे 'नवयुग' मासिकात लिहिलं आहे की पडद्यावर येशू दिसत असताना आपल्या मनात राम, कृष्ण, अयोध्या, गोकुळ हीच दृश्यं उभी राहत होती. या आठवणीकडे बहुतेक जण स्वदेशी उद्योगाची पहिली ठिणगी म्हणून पाहतात, आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यात आणखीही एक गोष्ट दडली आहे. डोळे एका देवाकडे लागलेले आणि मन दुसऱ्याला पाहतंय. पडद्यावर जे दिसतं आणि माणूस जे पाहतो, त्या दोहोंत अंतर असतं, हे फाळक्यांना पहिल्याच दिवशी उमगलं होतं. त्यांची पुढची सगळी पटकथा त्या अंतरात लिहिली गेली.

१९१२ मध्ये ते लंडनला गेले, कॅमेरा आणि तंत्र घेऊन परतले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने या व्यवसायात गेले. कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक त्यांनीच केला आणि रात्री अंधारात बसून फिल्मच्या पट्टीला भोकंही त्यांनीच पाडली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. लांबी सुमारे ३,७०० फूट. पटकथा फाळक्यांची, दृश्यांचा क्रम फाळक्यांचा, मधल्या पाट्यांचा मजकूरही त्यांच्याच हातचा. शेवटी हरिश्चंद्र तारामतीवर तलवार उगारतो तेव्हा शंकर प्रकट होतो. हे प्रकट होणं कॅमेऱ्याची करामत होती, आणि तेच कथेचं शिखरही होतं.

तारामतीचं काम करायला बाई मिळेना. फाळक्यांनी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातल्या आचाऱ्याला, अण्णा साळुंके यांना, ते दिलं. चार वर्षांनी 'लंकादहन' आला तेव्हा याच साळुंक्यांनी रामाचीही भूमिका केली आणि सीतेचीही. चित्रपट तुफान चालला. आणि पडद्यावर राम आला की प्रेक्षक जागेवरून उठून हात जोडत, काही तर जमिनीवर डोकं टेकवत, हे त्या काळाच्या आठवणींतून पुन्हा पुन्हा येतं.

इथे एक शंका अगदी रास्त आहे आणि ती मांडायला विदर्भाइतकी योग्य भूमी नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं महास्थान. या पंथानं मूर्तिपूजा नाकारली, पण वस्तूंना वंदन करणं नाकारलं नाही. पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर जिथे बसले तो ओटा, श्रीगोविंदप्रभूंचा जिथे वावर झाला ती जागा, त्यांच्या स्पर्शानं पावन झालेली वस्तू वंदनीय. कसोटी एकच, संबंध. ईश्वरी अवताराचा त्या जागेशी, त्या वस्तूशी प्रत्यक्ष संबंध आला होता का? आता हीच कसोटी 'लंकादहन'ला लावून पाहावी. छायाचित्रातही संबंध असतोच: उजेड माणसाच्या अंगावर पडतो, तिथून परतून भिंगातून फिल्मवर उमटतो. पण तो संबंध साळुंक्यांच्या देहाचा आहे. फिल्मच्या पट्टीवर अयोध्येच्या राजाचा कणभरही अंश नाही. मग डोकं टेकवणाऱ्यानं काय केलं? तो फसला का?

'भोळी माणसं होती, सिनेमा नवा होता' असं म्हणून अनेकांनी हा विषय मिटवला आहे. ते उत्तर खरं मानता येत नाही. ही माणसं तमाशा आणि दशावतार बघत मोठी झाली होती. सोंग म्हणजे काय हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. पडद्यावरचा राम हा खरा राम आहे असा त्यांचा समज झाला असता, तर खेळ संपून दिवे लागल्यावर ती घरी गेली नसती. राम कुठे गेला म्हणून पडद्यामागे शोधत फिरली असती. तसं कोणी केलं नाही.

खरं साम्य घरच्या गणपतीत सापडतं. भाद्रपदात आणलेली मूर्ती पाटावर ठेवली तरी प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती माती असते. मग आवाहन होतं, दीड दिवस किंवा दहा दिवस तिथे देव राहतो, उत्तरपूजा होते, मूर्ती जागची जराशी हलवली जाते आणि त्या क्षणापासून ती पुन्हा माती. तीच मूर्ती पाण्यात सोडताना कोणाला देव बुडवल्यासारखं वाटत नाही. म्हणजे देव ठरावीक वेळेपुरता येतो, आपण बोलावल्यावर येतो आणि निरोप दिल्यावर जातो, ही कल्पना मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेली होती. दिवे मालवले की आवाहन आणि दिवे लागले की विसर्जन, एवढा पल्ला गाठायला त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. पुरोहित नव्हता, मंत्र नव्हते. प्राणप्रतिष्ठा बघणाऱ्यानंच केली.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये आहे. चित्रपटात बाळकृष्ण झाली होती फाळक्यांची मुलगी, मंदाकिनी. वय अवघं सात वर्षांच्या आसपास. कथा सुरू होण्याआधी फाळके तिचा चेहरा जवळून दाखवतात. ती हसते, रागावते, घाबरते, लाडात येते. एक लहान मुलगी चेहऱ्यावर किती भाव आणू शकते ते पाहा, असं प्रेक्षकाला आधीच सांगितलं जातं. आणि मग तीच मुलगी कृष्ण होऊन येते, पाण्यात उडी घेते, कालियाशी झुंजते. कोणाला फसवायचं असतं, तर त्यानं मुलीचा चेहरा आधी उघडा करून दाखवला नसता. फाळक्यांनी मूर्तिकारासारखं माती दाखवली, घडण दाखवली, आणि मग हात जोडायचे की नाही ते समोरच्यावर सोपवलं.

लेखक म्हणून फाळक्यांचं मोठेपण या सोपवण्यात आहे. त्यांच्या चित्रपटांना आवाज नव्हता. राम काय बोलला हे पडदा सांगत नसे. दोन दृश्यांच्या मध्ये एखादी पाटी यायची, तिच्यावर चार शब्द असायचे. थिएटरात ज्यांना वाचता येत असे ते शेजारच्यांना मोठ्यानं वाचून दाखवत. पेटी-तबला समोर वाजत असे. बाकी सगळं प्रेक्षकाच्या आठवणीवर होतं. कीर्तनात ऐकलेलं आख्यान, आजीनं जात्यावर म्हटलेली सीतेची ओवी, श्रावणात वाचलेली पोथी, असा साठा प्रत्येक जण घेऊन यायचा आणि पडद्यावरच्या मुक्या रामाच्या तोंडी आपले शब्द घालायचा. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांनी ऐकलेला राम वेगवेगळा असायचा.

महानुभावांची कसोटी इथे परत आठवावी लागते, कारण त्याच पंथानं तिचं दुसरं अंगही दिलं आहे. श्रीचक्रधर निघून गेल्यावर अनुयायांना उरलं ते स्मरण. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडून एकेक लीळा गोळा केली आणि तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' उभं राहिलं. समोर नसलेला देव आठवणीतून डोळ्यांपुढे आणायचा, ही मराठी गद्याची पहिली मोठी कामगिरी आहे. संबंध तुटल्यावर स्मरण हाच संबंध होतो. साळुंक्यांच्या देहाला रामाचा स्पर्श नव्हता, पण बघणाऱ्याच्या मनात रामकथेचा स्पर्श पुरेपूर होता. पडद्यावर ते दोन्ही एकत्र आले.

१९१८ मध्ये भागीदारांसह उभारलेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत लवकरच खटके उडाले. फाळके कंपनी सोडून काशीला गेले. पडदा सोडून त्यांनी तिथे लेखणी हातात घेतली आणि 'रंगभूमी' हे नाटक लिहिलं. विषय मराठी रंगभूमीचाच होता. मूकपट लिहिणाऱ्या माणसानं अखेर पात्रांना तोंड दिलं, भरपूर बोलू दिलं. नाटक रंगमंचावर आलं, पण त्याला लोकांची साथ मिळाली नाही. ज्याची ताकद न बोलण्यात होती त्याला बोलण्यात ते यश का आलं नाही, हा विचार करण्याजोगा भाग आहे.

याच सुमाराला त्यांना परत बोलावण्याची खटपट 'संदेश'कार अच्युतराव कोल्हटकरांनी केली. नागपूरकरांना हे नाव परकं नाही. 'देशसेवक'चे संपादक म्हणून ते याच शहरात गाजले आणि राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगातही गेले. त्यांनी फाळक्यांना कळकळीनं लिहिलं. चित्रपटाच्या दृष्टीनं आपण आता मेलेले आहोत, अशा आशयाचं उत्तर फाळक्यांकडून आलं. कोल्हटकरांनी ते छापून टाकलं आणि महाराष्ट्रभर खळबळ उडाली. काही काळानं फाळके नाशिकला परतले.

पण काळ पुढे सरकला होता. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट आला. पुढच्याच वर्षी प्रभातनं 'अयोध्येचा राजा' काढला. कथा हरिश्चंद्राचीच, फाळक्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी मुकेपणानं सांगितलेली. आता गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांच्या तोंडून ती बोलत होती, गात होती. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस इतके तुकोबामय झाले की लोक त्यांच्याच चेहऱ्यात तुकोबा पाहू लागले. बोलपटानं भक्ती कमी केली असं म्हणता येणार नाही. पण त्यानं एक गोष्ट बदलली: देवाला आणि संताला ठरलेला आवाज मिळाला. प्रेक्षकाचा हात ज्या रिकाम्या जागेपर्यंत पोचत होता, ती जागा भरली गेली. फाळक्यांनी १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' हा आपला एकमेव बोलपट केला. तो त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

इथवर प्रश्न देवाचा होता: तो उजेडात येतो का? त्याच नाशिकमध्ये मात्र याच प्रश्नाची दुसरी बाजू उघड्यावर आली होती. दर्शन घेण्याचा अधिकार कोणाला?

मराठी परंपरेनं दर्शनाच्या पायऱ्या मानल्या आहेत. पंढरपूरला पदस्पर्शाचं दर्शन आहे, गर्दीत ते जमलं नाही तर मुखदर्शन आहे, तेही जमलं नाही तर लांबून कळसाचं दर्शन. कळस पाहिला तरी वारी पोचली, असं वारकरी मनापासून मानतो. या उदारपणात एक जखमही आहे. संत चोखामेळ्याच्या वाट्याला लांबून दर्शन आलं ते त्याच्या निवडीनं नव्हे. जातीमुळे त्याला आत येऊ दिलं नव्हतं. त्याची समाधी आजही महाद्वाराबाहेर आहे.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसं दारांपुढे बसली. दारं बंद राहिली. त्या वर्षीच्या रामनवमीला रामाचा रथ सगळ्यांनी मिळून ओढायचा असं ठरलं होतं. ऐन वेळी सवर्णांनी रथ पळवत नेला, दगडफेक झाली, माणसं रक्तबंबाळ झाली. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी पुढची काही वर्षं लढत राहिले. आणि याच वर्षांत फाळके 'सेतुबंधन' हा मूकपट करत होते: वानरांनी एकेक दगड आणून रामासाठी पूल बांधल्याची कथा. १९३२ मध्ये तो पडद्यावर आला.

ही दोन दृश्यं एकमेकांशेजारी ठेवली की काही गोष्टी लख्ख दिसतात. थिएटरच्या खिडकीवर पैसे विचारत, जात विचारत नसत. खुर्ची परवडली नाही तर जमिनीवर बसायचं, पण पडद्यावरचा राम मागच्या कोपऱ्यातल्या माणसालाही तेवढाच दिसे. काळारामाच्या गाभाऱ्यातला राम मात्र दाराबाहेर बसलेल्याला दिसत नव्हता. गाभाऱ्यातल्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा शास्त्रोक्त होती, पडद्यावरच्या उजेडाची नव्हती. तरीही दर्शन या शब्दाशी दोहोंपैकी कोण अधिक प्रामाणिक राहिलं, हे सांगायला शास्त्री लागत नाही. फाळक्यांनी समतेसाठी सिनेमा काढला असा दावा इथे करायचा नाही. त्यांच्या यंत्राच्या स्वभावातच ते होतं: उजेड माणसं निवडत नाही.

पण आंबेडकरांना पडद्यावरचा राम पुरणार नव्हता, आणि पुरायचं कारणही नव्हतं. दुरून दिसण्यावर समाधान मानायला त्यांनी चोखोबापासून सहाशे वर्षं वाट पाहिलेल्या माणसांना सांगितलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या दिवशीच्या बावीस प्रतिज्ञांतली दुसरी प्रतिज्ञा रामाला आणि कृष्णाला देव न मानण्याची आहे. दर्शनाच्या प्रश्नाला दिलेलं ते सर्वांत कठोर आणि सर्वांत स्वच्छ उत्तर आहे. ज्याच्या दारात माणूस ठेचला जातो त्याच्याकडे डोळे लावून बसायचं नाही, मान वळवायची.

नागपूरला ही दोन्ही उत्तरं एकाच शहरात नांदवावी लागतात. चैत्रात पोद्दारेश्वरहून निघालेल्या रथावरच्या मुलाला लोक हात जोडतात. आश्विनात, विजयादशमीच्या दिवसांत, महाराष्ट्रातून आणि बाहेरून आलेली माणसं त्या धर्मांतराच्या जागेकडे, दीक्षाभूमीकडे, चालत राहतात. कोणाच्या डोक्यावर गाठोडं असतं, कोणाच्या कडेवर मूल, आणि परतताना पिशवीत पुस्तकं. तिथे त्या बावीस प्रतिज्ञा कोरलेल्या आहेत. त्यांच्यापुढे एखादी म्हातारी थांबते, अक्षरांवर नजर खिळवून उभी राहते, आणि शाळेत जाणारा नातू बोट ठेवून एकेक ओळ तिला मोठ्यानं वाचून दाखवतो.